सर्वांचे सॉफ्टवेअर की खास आपल्यासाठीचे? नव्या दृष्टिहीन संगणक वापरकर्त्यांसाठी मार्गदर्शक

संगणकाशी माझी ओळख झाली ती दृष्टिहीनांसाठी बनवलेल्या एका खास सॉफ्टवेअरमधून. पत्रलेखन, ईमेल, पत्त्यांची वही आणि दिनदर्शिका हे सारे त्यात एकाच मेनूत होते. बाणाची कळ दाबली की पुढचा पर्याय ऐकू येई आणि एंटर दाबले की तो उघडे. पहिल्याच महिन्यात मी स्वतःच्या हाताने ईमेल पाठवू लागले आणि तो आनंद मी विसरलेले नाही. अडचण आली ती दोन वर्षांनी. एका सहकाऱ्याने अहवालाचा मसुदा पाठवला. त्यात इतरांनी सुचवलेले बदल होते, समासात टिपा होत्या आणि मला त्यांना उत्तरे द्यायची होती. माझ्या सॉफ्टवेअरने फाइल उघडली खरी, पण खोडलेले शब्द आणि त्यांच्या जागी घातलेले शब्द त्याने एकापाठोपाठ एक सलग वाचून दाखवले आणि टिपांचा तर पत्ताच नव्हता. पुढे ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्याचे काम बंद केले. पत्त्यांची वही त्यातून बाहेर काढण्याची सोयच नव्हती, म्हणून एकेक नोंद ऐकून ती मी दुसरीकडे पुन्हा टाइप केली. त्यात माझे तीन रविवार गेले.

तुमचे रविवार असे जाऊ नयेत म्हणून हा लेख लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते: आधी एक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, नीट शिकावा, मग प्रत्येक कामासाठी सगळे जण वापरतात तेच सॉफ्टवेअर तपासून पाहावे, आणि ते खरोखर अडते अशी खात्री झाल्यावरच त्या कामापुरते खास सॉफ्टवेअर घ्यावे. बहुतेक नवे वापरकर्ते याच्या उलट क्रमाने जातात, मीही तशीच गेले होते.

आधी हे समजून घ्या: आवाज येतो कुठून?

डोळस माणसाला पडद्यावर कागदी विमानाचे चित्र दिसते आणि ते संदेश पाठवण्याचे बटण आहे हे तो ओळखतो. स्क्रीन रीडर मुळात चित्र पाहत नाही. तो त्या सॉफ्टवेअरला विचारतो की फोकस (म्हणजे कीबोर्डची कळ दाबली तर ती ज्याला लागू होईल ती जागा) आत्ता जिथे आहे त्या घटकाचे नाव काय, तो बटण आहे की चेकबॉक्स, तो निवडलेला आहे का, त्यात काय लिहिलेले आहे. ही विचारपूस ज्या मार्गाने होते तो मार्ग ऑपरेटिंग सिस्टिमने पुरवलेला असतो; विंडोजमध्ये असा पहिला अधिकृत मार्ग १९९७ मध्ये आला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने त्या विमानाला नाव दिलेले असेल तर आपल्याला ‘पाठवा, बटण’ असे ऐकू येते, आणि दिलेले नसेल तर नुसते ‘बटण’. सर्वसाधारण सॉफ्टवेअर आपल्याला वापरता येते की नाही, याचे बरेचसे उत्तर या एका गोष्टीत आहे.

खास सॉफ्टवेअर का निर्माण झाले, तेही यावरून कळते. विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पडद्यावर प्रामुख्याने अक्षरेच असत, त्यामुळे ती वाचून दाखवणे तुलनेने सोपे होते. जॉज या स्क्रीन रीडरची १९८९ मधली पहिली आवृत्ती डॉससाठीच होती. विंडोज आल्यावर पडदा चित्रांचा झाला, स्क्रीन रीडरला अंदाजाने काम करावे लागू लागले आणि त्या काळात स्वतः बोलणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी निकड होती. आयबीएमचा होम पेज रीडर हा बोलणारा ब्राउझर त्याच काळातला. आता विंडोजमध्ये २००० पासून नॅरेटर आणि मॅकमध्ये २००५ पासून व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर संगणकाबरोबरच मिळतो. त्यामुळे जुन्या काळात ऐकलेले सल्ले आज पारखूनच घ्यावेत.

काय काय हाताशी हवे

- एक स्क्रीन रीडर, आणि तो बंद पडल्यास आधाराला दुसरा.
- कीबोर्ड. शक्य असल्यास अंकांचा वेगळा भाग असलेला, कारण पुष्कळ आज्ञा तिथे दिलेल्या असतात.
- हेडफोन, कारण तासन्‌तास ऐकायचे आहे आणि ते केवळ तुम्हीच ऐकायचे आहे.
- साध्या मजकुराची एक फाइल, जिच्यात तुम्ही शॉर्टकट, अडचणी आणि सापडलेले उपाय लिहाल.
- विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांक आणि पावत्या, दोन ठिकाणी जपून ठेवलेल्या.

१. यादी कामांची करा, सॉफ्टवेअरची नको

‘मला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे लागेल?’ या प्रश्नाने सुरुवात केली तर उत्तर बहुधा विक्रेत्याकडून येते. त्याऐवजी तुम्हाला करायची कामे लिहा आणि प्रत्येक कामापुढे ते कोणाबरोबर करायचे आहे हेही लिहा. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. केवळ स्वतःसाठी टिपणे काढायची असतील तर कोणतेही साधन चालेल. पण ज्या फाइलवर चार जण काम करणार आहेत ती चौघांच्याही सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उघडली पाहिजे. माझी फसगत इथेच झाली होती: मी ‘पत्रलेखन’ एवढेच लिहिले होते, ‘सहकाऱ्यांबरोबर अहवाल’ असे लिहिले नव्हते.

२. एक स्क्रीन रीडर निवडा आणि तो मुळापासून शिका

स्क्रीन रीडर हेही खास सॉफ्टवेअरच आहे, पण ते इतर सॉफ्टवेअरची जागा घेत नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचवते. म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे द्या. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आणि मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा) आहे. मायकल करन या दृष्टिहीन प्रोग्रामरने २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि लवकरच जेम्स तेह हे दुसरे दृष्टिहीन प्रोग्रामर त्यांना येऊन मिळाले. जॉज विकत घ्यावा लागतो, पण परवान्याशिवायही तो एका वेळी चाळीस मिनिटे चालतो आणि त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. पारख करायला तेवढा वेळ पुरतो. लिनक्सवर ऑर्का आहे. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ई-स्पीक एनजी या आवाजात मराठीही आहे. तो यांत्रिक वाटतो आणि सुरुवातीला कानाला खटकतो, पण वेग बराच वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात, त्यामुळे त्याला आठवडाभर तरी संधी द्यावी.

पहिल्या दिवशी शिकण्याची आज्ञा एकच: स्क्रीन रीडरची कळ आणि १. ही कळ बहुधा इन्सर्ट किंवा कॅप्सलॉक असते. एनव्हीडीए, जॉज आणि नॅरेटर या तिन्हींमध्ये या आज्ञेने सराव सुरू होतो; त्यानंतर कोणतीही कळ दाबली तरी ती काय करते एवढेच सांगितले जाते, प्रत्यक्षात काहीही बिघडत नाही. तीच आज्ञा पुन्हा दिली की सराव संपतो.

आता सर्वांत मोठ्या गोंधळाविषयी. वेबपानावर स्क्रीन रीडर दोन रीतींनी चालतो. वाचनाच्या रीतीत अक्षरांच्या कळा आज्ञा असतात: एच दाबले की पुढचे हेडिंग, के दाबले की एनव्हीडीएमध्ये पुढची लिंक, टी दाबले की पुढचा तक्ता. लिहिण्याच्या रीतीत तीच कळ दाबली की ते अक्षर चौकटीत उमटते. एनव्हीडीएमध्ये स्क्रीन रीडरची कळ आणि स्पेसबार दाबून एका रीतीतून दुसरीत जाता येते, आणि रीत बदलली की एक छोटा आवाज होतो. नवा माणूस चौकटीत नाव लिहायला जातो, वाचनाची रीत चालू असते, प्रत्येक अक्षरासरशी कर्सर पानभर उड्या मारतो आणि ‘हे संकेतस्थळ आपल्यासाठी नाहीच’ असा निष्कर्ष निघतो. असे म्हणणारे लोक माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका आज्ञेने मिटतात. ब्राउझरमध्ये चालणारे लेखनाचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर तर जवळजवळ पूर्णपणे लिहिण्याच्या रीतीतच वापरायचे असते. ही सवय अंगवळणी पडेपर्यंत कोणत्याही सॉफ्टवेअरला नापास करू नका.

३. सर्वसाधारण सॉफ्टवेअरची अर्ध्या तासाची परीक्षा घ्या

खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘सुगम्य’ असे लिहिले असले तरी परीक्षा तुम्हीच घ्यायची. मोठ्या कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरच्या सुगम्यतेचा अहवाल प्रसिद्ध करतात आणि वेबसाठी डब्ल्यूसीएजी हे निकष आहेत, ज्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. असा अहवाल मागून वाचावा, विशेषतः ‘अंशतः’ असे लिहिलेल्या ओळी नीट पाहाव्यात. पण तो वाचून निर्णय घेऊ नये.

प्रथम माऊस बाजूला ठेवा आणि टॅब दाबत सुरुवातीपासून शेवटापर्यंत जा. एकदा एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी अशी चालत गेले तेव्हा मला ऐकू आले ते असे: ‘बटण. बटण. बटण. लिहिण्याची चौकट. बटण.’ तिसरे बटण कशाचे ते पाहावे म्हणून मी एंटर दाबले, आणि मी नुकतीच केलेली नोंद गेली. ते पुसून टाकण्याचे बटण होते आणि त्याने काही विचारलेही नाही. तेव्हापासून मी परीक्षा नेहमी खोट्या माहितीवर घेते. तुम्हीही तसेच करा.

नावे ठीक असतील तर एक काम पूर्ण करून पाहा: नवी फाइल बनवा, काहीतरी लिहा, साठवा, बंद करा, पुन्हा उघडा. मग मुद्दाम चूक करा. तारखेच्या जागी नाव लिहा आणि पुढे जाण्याचा प्रयत्न करा. चूक झाल्याचे तुम्हाला ऐकू येते का? ही कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण पुष्कळ सॉफ्टवेअर सगळे सुरळीत असताना व्यवस्थित बोलतात आणि चूक मात्र फक्त लाल रंगाने दाखवून गप्प बसतात. त्यानंतर संवाद-चौकट उघडणारा एखादा पर्याय निवडा: फोकस आपोआप आत जातो का, एस्केप दाबल्यावर तो पूर्वीच्या जागी परततो का, की पानाच्या माथ्यावर जाऊन पडतो? तक्ता असेल तर उभ्या रकान्याचे आणि आडव्या ओळीचे शीर्षक खान्याबरोबर वाचले जाते का, तेही पाहा. नाहीतर ‘४५०’ ऐकू येईल, पण ते कशाचे हे कळणार नाही.

निकाल तुमच्या टिपणांच्या फाइलमध्ये तीन प्रकारे लिहा: चालते, वळसा घालून चालते, अडते. ‘वळसा’ असेल तर तो नेमका कोणता, हेही लिहा, कारण दोन महिन्यांनी तो आठवत नाही.

४. अडले तर लगेच सोडू नका

टॅबने जिथे पोहोचता येत नाही तिथे अनेकदा दुसरी कळ नेते. विंडोजमध्ये ऑल्ट दाबल्यावर वरची पट्टी मिळते, एफ-६ ने एका विभागातून दुसऱ्यात जाता येते, आणि शिफ्टबरोबर एफ-१० दाबले की त्या घटकाचा मेनू उघडतो. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या मदत-पानांत शॉर्टकटची यादी असते. ती आधी वाचा. वर्डमधल्या ज्या बदलांनी आणि टिपांनी मला छळले होते, त्यांची यादी एनव्हीडीएमध्ये वाचनाची रीत चालू करून इन्सर्ट आणि एफ-७ दाबले की मिळते. उत्तर वर्डमध्येच होते, मी मात्र वर्डपर्यंत गेलेच नव्हते.

दुसरा उपाय म्हणजे पूरक जोड. ध्वनिमुद्रण आणि संपादनाच्या रीपर या सर्वसाधारण सॉफ्टवेअरसाठी ओसारा नावाची मोफत, मुक्तस्रोत जोड आहे, आणि ती लावली की रीपरमधल्या हालचाली स्क्रीन रीडरला सांगितल्या जातात. डोळस आणि दृष्टिहीन ध्वनिसंपादक त्यामुळे एकच प्रकल्प हाताळू शकतात. खास आणि सर्वसाधारण यांची ही मला सर्वांत पटलेली सांगड आहे: खास भाग पातळ, मूळ साधन सर्वांचे. जॉजसाठीही निरनिराळ्या सॉफ्टवेअरकरिता लिहिलेल्या स्क्रिप्ट मिळतात, परंतु मूळ सॉफ्टवेअर बदलले की त्या निकामी होऊ शकतात, म्हणून त्यांची शेवटची आवृत्ती केव्हाची आहे ते आधी पाहा.

पडद्यावर केवळ चित्रात असलेला मजकूर वाचायचा असेल तर विंडोज १० पासून एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि आर दाबून तो ओळखून घेता येतो. पीडीएफ उघडल्यावर पान रिकामे असल्याचे ऐकू आले तर फाइल बिघडलेली आहे असे समजू नका; ती बहुधा कागदाचे नुसते छायाचित्र असते.

५. खास सॉफ्टवेअर जिथे खरोखर हवे

खास साधने कमी दर्जाची असतात असे मी मुळीच म्हणत नाही. काही कामे सर्वसाधारण सॉफ्टवेअरच्या कक्षेतच नाहीत. मजकुराचे नियमांप्रमाणे ब्रेलमध्ये रूपांतर करून तो पानावर मांडायचा असेल तर डक्सबरीसारखे सॉफ्टवेअर लागते. साध्या रूपांतरासाठी आणि ब्रेल डिस्प्लेसाठी (पडद्यावरचा मजकूर ठिपक्यांनी बोटांखाली देणाऱ्या उपकरणासाठी) लिबलुई ही मुक्तस्रोत प्रणाली एनव्हीडीएमध्ये असतेच. ब्रेल स्वरलिपी, स्पर्शाने वाचायच्या आकृत्या आणि डेझी या बोलक्या पुस्तकांच्या स्वरूपातली पुस्तके ही क्षेत्रेही अशीच आहेत. गणिताच्या बाबतीत परिस्थिती मिश्र आहे: मॅथएमएल या वेबवर गणित लिहिण्याच्या भाषेतली समीकरणे स्क्रीन रीडर योग्य जोडीने वाचू शकतो, आणि लाटेक ही गणिती मजकूर मांडण्याची पद्धत तर साध्या अक्षरांतच लिहिली जाते, त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थ्याला आणि त्याच्या शिक्षकाला ती सारखीच वापरता येते.

आणखी एक गट आहे, ज्याच्याविषयी मला मनापासून आस्था आहे. उतारवयात दृष्टी गेलेल्या, पूर्वी कधीही कीबोर्ड न हाताळलेल्या माणसाला मुलांशी ईमेलने बोलायचे असते आणि पुस्तके ऐकायची असतात. त्याच्यावर शंभर शॉर्टकट लादणे हा अन्याय आहे. एकाच सोप्या मेनूत सगळे देणारे सॉफ्टवेअर त्याच्यासाठी योग्य निवड ठरू शकते. मात्र तरुण विद्यार्थ्याला किंवा नोकरी करू इच्छिणाऱ्याला तेच ‘सोपे आहे’ म्हणून दिले, तर पुढे त्याला सगळे पहिल्यापासून शिकावे लागते.

स्वतः बोलणारे सॉफ्टवेअर उत्तमही असू शकते. टी. व्ही. रामन या दृष्टिहीन संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये इमॅक्सस्पीक प्रसिद्ध केले. पडद्यावर काय उमटले आहे एवढेच न वाचता त्या मजकुराचा अर्थ काय, हे लक्षात घेऊन ते बोलते. पण तेही इमॅक्स या सर्वांच्या मजकूर-संपादकावर उभे आहे आणि त्यातल्या फाइली कुठेही उघडतात.

६. पैसे देण्यापूर्वी हे विचारा

माझी माहिती बाहेर कशी काढता येईल? हा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर प्रात्यक्षिकात मागा. दहा नोंदी भरा, त्या सीएसव्हीसारख्या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवा, असे सांगा. ‘पुढच्या आवृत्तीत येणार आहे’ हे उत्तर ‘नाही’ असेच समजा.

मग विचारा की शेवटची आवृत्ती केव्हा आली, संगणक बदलल्यास परवाना हलवता येतो का, आणि नवे विंडोज आल्यावर किती दिवसांत सुधारणा मिळते. खास सॉफ्टवेअरचे ग्राहक थोडे असतात, त्यामुळे ती बंद पडण्याचा धोका अधिक असतो. विंडो-आइज हा नावाजलेला स्क्रीन रीडरही २०१७ मध्ये बंद झाला. त्याच्या वापरकर्त्यांना नव्या आज्ञा शिकाव्या लागल्या, पण त्यांच्या फाइली वर्डमध्ये आणि ब्राउझरमध्ये होत्या, त्यामुळे त्या कुठेही अडकल्या नाहीत.

एक छोटा सापळा: स्वतः बोलणारे सॉफ्टवेअर आणि स्क्रीन रीडर एकाच वेळी चालू असले तर दोन आवाज एकमेकांवर आदळतात आणि काहीही कळत नाही. त्या सॉफ्टवेअरपुरते एनव्हीडीएला निद्रावस्थेत टाका. एनव्हीडीएच्या कळांच्या डेस्कटॉप मांडणीत त्यासाठी इन्सर्ट, शिफ्ट आणि एस एकत्र दाबतात.

७. अपडेटच्या दिवसाची तयारी ठेवा

सर्वसाधारण सॉफ्टवेअरची मोठी उणीव ही की काल चालणारे आज अडू शकते. शक्य तिथे मोठे अपडेट काही दिवस पुढे ढकला आणि महत्त्वाच्या कामाच्या आदल्या रात्री काहीही बदलू नका. एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. ती इन्स्टॉल न करता बहुतेक विंडोज संगणकांवर चालते. आणि स्क्रीन रीडर अचानक गप्प झाला तर कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबा: नॅरेटर बोलू लागेल आणि दुरुस्ती तुम्हाला स्वतःला करता येईल. ही आज्ञा आजच एकदा करून पाहा.

८. अडचण कळवा, आणि नीट कळवा

‘तुमचे सॉफ्टवेअर अंधांना वापरता येत नाही’ या वाक्यावर कोणताही प्रोग्रामर काही करू शकत नाही. माझी पत्रे आता अशी असतात: ‘विंडोज ११, एनव्हीडीएची अमुक आवृत्ती, तुमच्या सॉफ्टवेअरची तमुक आवृत्ती. नवी नोंद उघडून तीनदा टॅब दाबला. अपेक्षित: बटणाचे नाव. प्रत्यक्षात: केवळ बटण असे ऐकू येते. दाबल्यास नोंद न विचारता पुसली जाते. कृपया बटणाला नाव द्यावे आणि पुसण्यापूर्वी विचारावे.’ एका पत्रात एकच अडचण लिहावी. शब्दन्‌शब्द काय ऐकू आले ते हवे असेल तर एनव्हीडीएच्या साधनांच्या मेनूतला स्पीच व्ह्यूअर उघडा. बोललेले सारे तिथे मजकुराच्या रूपात मिळते आणि तेच पत्रात चिकटवता येते.

त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी मी असेच पत्र पाठवले. दोन वेळा उत्तर आले नाही, तिसऱ्यांदा एका प्रोग्रामरने स्पीच व्ह्यूअरमधला मजकूर पुन्हा मागून घेतला. पुढच्या आवृत्तीत तिसऱ्या टॅबवर ‘नोंद पुसा, बटण’ असे ऐकू आले. उरलेली तीन बटणे अजून तशीच आहेत आणि त्यांची पत्रे मी माझ्या टिपणांच्या फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवली आहेत.